गोदावरीच्या दोन्ही तीरांवर एकच आवाज: मराठवाड्यात रिपीटर जोडतानाचा अनुभव

हॅम रेडिओकडे, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओकडे, नव्याने वळलेला माणूस बहुधा पहिला प्रश्न वॅटचा विचारतो. किती वॅटच्या संचावरून किती किलोमीटर बोलता येईल, हे त्याला जाणून घ्यायचे असते. 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे तरंगलांबीवरून ज्याला आम्ही टू मीटर म्हणतो तिथे, या प्रश्नाचे उत्तर वॅटपेक्षा उंचीत दडलेले असते. अँटेनाची मीटरमधील उंची घ्यावी, तिच्या वर्गमुळाला 4.12 ने गुणावे, म्हणजे रेडिओ क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर मिळते. हँडीचा, म्हणजे हातात धरायच्या संचाचा, अँटेना जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर हे अंतर जेमतेम 5 किलोमीटर भरते. आसपासच्या प्रदेशापेक्षा 150 मीटर उंच असलेल्या टेकडीवर रिपीटर, म्हणजे ऐकलेला आवाज त्याच क्षणी पुन्हा प्रक्षेपित करणारा संच, बसवला, तर त्याचे क्षितिज सुमारे 50 किलोमीटरवर जाते आणि हँडीचे 5 मिळवून एकूण 55 किलोमीटरचा टप्पा हाती येतो. त्यापुढे जायचे असेल तर दुसरा रिपीटर हवा, आणि त्या दोघांना एकमेकांचे ऐकता आले पाहिजे. या दुसऱ्या अटीसाठी आमच्या गटाने जे काही केले, ते मी इथे लिहून ठेवत आहे.

मी बीडचा. आमच्या गटातले परवानाधारक छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि लातूर या जिल्ह्यांत विखुरलेले आहेत. प्रत्येकाच्या परिसरात आपापसात बोलण्याची सोय होती किंवा होऊ शकत होती, परंतु संभाजीनगरच्या माणसाला लातूरच्या माणसाशी टू मीटरवर बोलणे अशक्य होते. याचे कारण मराठवाड्याच्या भूगोलात आहे. उत्तरेला अजिंठ्याच्या रांगा आणि त्यांचे फाटे, दक्षिणेला बालाघाटचे पठार, आणि मधोमध गोदावरीचे रुंद, सखल खोरे. बालाघाटच्या कड्यावर उभे राहिले की उत्तरेकडे नजर मैलोन् मैल जाते, पण त्याच कड्याच्या मागे, पठाराच्या पोटात वसलेल्या गावाला खोऱ्यातले काहीही ऐकू येत नाही.

मोबाइल असताना हा खटाटोप कशासाठी, असे घरच्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांनी विचारले. त्यांना मी किल्लारीची आठवण करून देत असे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. अशा वेळी पहिल्या काही तासांत कुठे किती नुकसान झाले आहे, कोणता रस्ता खुला आहे, कुठे डॉक्टर आणि कुठे जेसीबी पाठवायचा, एवढी माहितीसुद्धा अनमोल असते. 26 जानेवारी 2001 च्या कच्छच्या भूकंपात दूरध्वनी यंत्रणा कोलमडली असताना हॅम चालकांनी संदेशवहनाचे काम केले, हे सर्वज्ञात आहे. मोबाइलचा मनोरा वीज, डिझेल आणि ऑप्टिकल फायबर या तिन्हींवर अवलंबून असतो, आणि संकटात यांपैकी एक तरी तुटतेच. यांपैकी कशावरही विसंबून नसलेली एक वाट मराठवाड्याला असावी, ही आमची मनापासूनची इच्छा होती.

परवानगीविषयी थोडक्यात सांगतो. हौशी चालकाचा वैयक्तिक परवाना असला म्हणजे रिपीटर उभारता येतो असे नाही. त्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वारंवारतांचे परवाने देणाऱ्या शाखेकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. जागा, अँटेनाची उंची, वारंवारता, शक्ती हे सारे त्यात नोंदवावे लागते. या कामात घाई चालत नाही, आणि परवानगी हाती येण्याआधी डोंगरावर काहीही चालू करायचे नाही हा नियम आम्ही पहिल्याच बैठकीत सर्वांकडून मान्य करून घेतला. कागदपत्रांच्या काळात टेबलावरची चाचणी आणि नकाशाचे काम उरकता येते. आम्ही तेच केले.

नकाशावर आम्ही पाच ठिकाणे निवडली: संभाजीनगरच्या दक्षिणेचा सातारा डोंगर, अंबडची टेकडी, मांजरसुंब्याजवळचा बालाघाटचा कडा, अंबाजोगाईचे पठार आणि लातूर. सातारा डोंगर ते अंबड हे सरळ रेषेतले अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, अंबड ते मांजरसुंब्याचा कडा ऐंशीच्या आसपास, तिथून अंबाजोगाई सत्तरच्या आत, आणि अंबाजोगाई ते लातूर चाळीसच्या थोडे वर. सर्वांत अवघड दुवा दुसरा, कारण तो संपूर्ण गोदावरी खोरे ओलांडतो. सर्वांना त्याचीच धास्ती होती, म्हणून त्याचा हिशेब आम्ही आधी मांडला.

80 किलोमीटरच्या मार्गात मध्यभागी पृथ्वीची वक्रताच सुमारे 94 मीटर आडवी येते, तीही वातावरणामुळे रेडिओलहर किंचित वाकते हे धरून. लहर म्हणजे एखादी रेषा नसते. तिच्याभोवती फ्रेनेल झोन नावाचा लांबट पट्टा असतो आणि दुव्यासाठी निवडलेल्या 435 मेगाहर्ट्झला या अंतराच्या मध्यावर त्याची त्रिज्या 117 मीटर येते. त्यातला साठ टक्के भाग, म्हणजे 70 मीटर, मोकळा असला तर मार्ग स्वच्छ मानतात. याचा अर्थ दोन अँटेनांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्याखालची जमीन तिच्यापासून 164 मीटर तरी खाली असली पाहिजे. सपाट प्रदेशात हे साधायचे तर दोन्हीकडे गगनचुंबी मनोरे उभारावे लागले असते. इथे गोदावरीनेच आमचे काम केले. मार्गाचा मधला भाग तिच्या पात्राजवळून, म्हणजे सर्वांत सखल भूमीवरून जातो आणि दोन्ही टोके उंचावर आहेत. खोरे अडथळा ठरेल अशी ज्यांना भीती होती, त्यांना हा आलेख कागदावर काढून दाखवला तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

उरला शक्तीचा हिशेब. तो डेसिबलमध्ये मांडतात; 10 डेसिबल म्हणजे दहापट, 20 म्हणजे शंभरपट. 80 किलोमीटर मोकळ्या अवकाशात 435 मेगाहर्ट्झच्या लहरीची घट 123 डेसिबल होते. 10 वॅट म्हणजे 40 डीबीएम, म्हणजेच एका मिलिवॅटच्या 40 डेसिबल वर. दोन्ही बाजूंच्या यागी, म्हणजे एकाच दिशेला रोख असलेल्या, अँटेनांची मिळून 22 डेसिबलची वाढ आणि केबलमधली मिळून 6 डेसिबलची घट धरली, तर पलीकडच्या रिसीव्हरच्या तोंडाशी उणे 67 डीबीएम इतका सिग्नल पोहोचतो. चांगला रिसीव्हर उणे 119 डीबीएमपर्यंत ऐकतो. म्हणजे हाताशी 50 डेसिबलहून अधिक, लाखाहून जास्त पटींची, शिल्लक राहते. हे आकडे पाहिल्यावर लिंकचे, म्हणजे दुव्याचे, संच आम्ही 2 वॅटवरच ठेवायचे ठरवले. मार्ग मोकळा असेल तर एवढी शक्ती पुरून उरते. मार्गात डोंगर आडवा असेल तर 50 वॅटही बॅटरी रिकामी करण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत.

कागदावरचा हिशेब प्रत्यक्षात पडताळण्यासाठी एक जोडी अंबडच्या टेकडीवर आणि दुसरी बालाघाटच्या कड्यावर गेली. बांबूला बांधलेली यागी, एक हँडी आणि एक होकायंत्र एवढेच सामान. अंबडच्या माणसाचा आवाज पहिल्याच हाकेला स्वच्छ आला. त्यानंतरचे बराच वेळचे काम निराळे होते. अँटेना डावी-उजवीकडे फिरवून सिग्नल किती पडतो ते लिहून घेणे, शक्ती कमी करत कुठपर्यंत ऐकू येते ते पाहणे, आणि दुपारी, संध्याकाळी, पहाटे तेच पुन्हा करणे. पहाटेची नोंद फार महत्त्वाची ठरली. हिवाळ्यात खोऱ्यावर थंड हवेचा थर बसून वर उबदार हवा असते, तेव्हा लहरी नेहमीपेक्षा वेगळ्या वाकतात. सिग्नल कधी अवाच्या सवा वाढतो, कधी काही मिनिटे खोल जातो. हाताशी ठेवलेली शिल्लक खरी अशाच वेळी कामाला येते.

आता वारंवारतेविषयी. रिपीटर ऐकतो एका वारंवारतेवर आणि बोलतो 600 किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या वारंवारतेवर. दोन रिपीटरांमधला दुवा मात्र आम्ही 434 ते 438 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठेवला, म्हणजे लोकांच्या बोलण्याचा आणि दुव्याचा मार्ग वेगळा राहतो. यात एक गोष्ट अशी आहे, जी नव्याने काम करणाऱ्याला कुणीतरी आधी सांगायला हवी. 145 ला 3 ने गुणले की 435 येतात. टू मीटरच्या ट्रान्समीटरचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या तिपटीवर नकळत निघणारा सिग्नल, थेट लिंकच्या पट्ट्यात पडतो. एकाच खोलीत, एकाच मनोऱ्यावर हे दोन्ही संच असल्यामुळे तो कितीही क्षीण असला तरी लिंकच्या रिसीव्हरला बहिरे करू शकतो. म्हणून प्रत्येक ठिकाणच्या रिपीटरची वारंवारता तीनपट करून ती लिंकपासून पुरेशी दूर आहे ना हे आम्ही तक्ता करून तपासले, आणि तरीही प्रत्येक टू मीटर ट्रान्समीटरच्या मागे वरच्या वारंवारता अडवणारा लो-पास फिल्टर बसवला.

रिपीटरचे सर्वांत नाजूक अंग म्हणजे डुप्लेक्सर. एकाच अँटेनावर 25 वॅटने बोलायचे आणि त्याच क्षणी दूरच्या हँडीचा कणभर सिग्नल ऐकायचा, हे स्वतः ओरडत असताना दुसऱ्याची कुजबुज ऐकण्यासारखे आहे. या दोन सिग्नलांतला फरक 163 डेसिबल, म्हणजे एकावर सोळा शून्ये इतक्या पटींहूनही मोठा आहे. डुप्लेक्सरचे धातूचे उभे डबे हा फरक सांभाळतात. प्रत्येक डब्यात सुमारे अर्ध्या मीटरचा, पाव तरंगलांबीचा दांडा असतो आणि तो वरच्या स्क्रूने सरकवून डबा नेमक्या वारंवारतेला जुळवतात. आमच्याकडे आलेल्या एका जुन्या डुप्लेक्सरचे दांडे पितळेचे होते. पितळ तापले की वाढते. 30 अंशांच्या फरकाने 145 मेगाहर्ट्झला जुळवलेला डबा सुमारे 80 किलोहर्ट्झने सरकतो. पत्र्याच्या खोलीत जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत मराठवाड्यात याहून मोठा फरक पडतो. त्यामुळे आम्ही इन्व्हार धातूच्या दांड्यांचा डुप्लेक्सर मिळवण्यासाठी थांबलो. इन्व्हारची वाढ पितळेच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. शिवाय खोलीवर पत्र्याऐवजी फरशीचे छत घातले आणि त्यावर पांढरा चुना दिला. डोंगरावरच्या उपकरणांसाठी सावली हाही एक सुटा भाग समजावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

टेबलावरच्या चाचणीत ज्या गोष्टीने आम्हाला सर्वाधिक शिकवले, तिच्याकडे आता येतो. आम्ही जुने मोटोरोला जीएम 300 संच वापरले, कारण ते दणकट आहेत आणि त्यांच्या मागच्या 16 पिनांच्या कनेक्टरवर आवाज आणि नियंत्रणाच्या सर्व तारा मिळतात. तीन ठिकाणांची नक्कल करणारे संच टेबलावर मांडले, अँटेनांच्या जागी शक्ती जिरवणारे डमी लोड लावले, आणि दुवे जोडले. एकाने हँडीवरून कॉल साइन, म्हणजे परवान्यातले आपले ओळखनाव, सांगून पीटीटी, म्हणजे बोलताना दाबून धरायची कळ, सोडली. त्यानंतर कुणीही बोलत नव्हते, तरी पहिल्या संचाचा लाल दिवा विझला की दुसऱ्याचा लागे, दुसऱ्याचा विझला की पहिल्याचा. हा खेळ थांबेचना.

कारण असे. बोलणारा थांबल्यावर रिपीटर लगेच बंद होत नाही. तो एक-दोन सेकंद नुसता चालू राहतो, म्हणजे पुढच्या माणसाला सुरुवात करायला सवड मिळते. या शेपटीच्या काळात लिंकचा ट्रान्समीटरही चालू राहिला, तर पलीकडचा रिपीटर समजतो की कुणीतरी बोलत आहे. अलीकडचा थांबतो तेव्हा पलीकडच्याची शेपूट सुरू होते, ती लिंकवरून परत येते, आणि दोघे एकमेकांना जागे ठेवत राहतात. यावरचा उपाय कंट्रोलरच्या, म्हणजे संच चालू-बंद करणाऱ्या मंडळाच्या, तर्कात आहे. लिंकचा ट्रान्समीटर केवळ स्थानिक रिसीव्हरवर खरा, योग्य टोनसह (ओळखीच्या सूक्ष्म स्वरासह) आलेला सिग्नल असेल तेव्हाच चालावा. शेपूट, बोलणे संपल्याची टुंग अशी खूण, रिपीटरचे मोर्समधले स्वतःचे नाव, यांतले काहीही लिंकवर जाता कामा नये. मधल्या ठिकाणी दोन लिंक संच असतात, एक उत्तरेकडचा आणि एक दक्षिणेकडचा. उत्तरेकडून आलेले दक्षिणेला आणि स्थानिक रिपीटरला जावे, पण पुन्हा उत्तरेला कधीही जाऊ नये. आम्ही एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर हे नियम लिहिले आणि टेबलावर दिवसेंदिवस चालवून पाहिले. रिपीटर जोडणे म्हणजे त्यांना बोलायला लावणे, असे बाहेरून दिसते. माझ्या अनुभवात तीन चतुर्थांश काम प्रत्येकाने कधी गप्प राहायचे, हे ठरवण्याचे होते.

दुसरा मोठा विषय आवाजाच्या पातळीचा. एफएमच्या पद्धतीत पाठवताना उंच स्वर मुद्दाम वाढवतात आणि ऐकताना तितकेच खाली आणतात. जीएम 300 मध्ये मागच्या कनेक्टरवर मिळणारा आवाज या प्रक्रियेच्या आधीचा घ्यायचा की नंतरचा, हे आतल्या जंपरने, म्हणजे छोट्या जोडपट्टीने, ठरते. एका ठिकाणी आधीचा आवाज घेऊन पुढच्या ठिकाणी तो मायक्रोफोनच्या वाटेने दिला, तर उंच स्वर दोनदा वाढतात आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा कर्कश होतो. सर्व संचांत एकच पद्धत ठेवणे हाच यावरचा उपाय. पातळीचे तसेच. प्रत्येक टप्प्यावर केवळ एक डेसिबल घट झाली, तरी चार टप्प्यांनंतर आवाज सहा दशांशांवर येतो, आणि लातूरचा माणूस संभाजीनगरच्या माणसाला आवाज वाढवायला सांगू लागतो. म्हणून आम्ही 1 किलोहर्ट्झचा स्वर पहिल्या रिसीव्हरला 3 किलोहर्ट्झ डेव्हिएशनने, म्हणजे वारंवारता तेवढी मागेपुढे हलेल अशा पातळीने, दिला आणि प्रत्येक पुढच्या ट्रान्समीटरवर तेवढेच डेव्हिएशन निघेपर्यंत पातळी जुळवायचा प्रीसेट फिरवला. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते एकाच माणसाने, एकाच मीटरने, सर्व ठिकाणी करावे.

टोनमुळे मार्ग सुरक्षित होतो, पण वेळ जातो. 67 ते 254 हर्ट्झच्या दरम्यानचा, कानाला जाणवू न देणारा सूक्ष्म स्वर प्रत्येक दुव्यासाठी निराळा ठेवला, म्हणजे हिवाळ्याच्या पहाटे दूरवरचा परका सिग्नल आला तरी आमचा रिसीव्हर उघडत नाही. हा स्वर ओळखायला प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद लागतो. चार दुव्यांचा मिळून एक सेकंद होतो. त्यामुळे पीटीटी दाबून लगेच बोलणाऱ्याचे पहिले दोन शब्द वाटेतच गळतात. पीटीटी दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला, असे आम्ही प्रत्येक नव्या चालकाला पहिल्या दिवशी सांगतो. याहून महत्त्वाची दुसरी सवय म्हणजे दोघांच्या बोलण्यात दोन-तीन सेकंदांची जागा सोडणे. आमचे दुवे एका वेळी एकाच दिशेने चालतात. संभाजीनगरचा माणूस बोलत असताना लातूरच्या माणसाला मध्ये तोंड घालता येत नाही, मग त्याच्यासमोर अपघात झालेला असो. जागा सोडली नाही तर तातडीचा संदेश आत शिरायला फट उरत नाही. कंट्रोलरमध्ये तीन मिनिटांनी लांबलेले बोलणे तोडणारा टाइमर आहे खरा, पण तो शिस्तीची जागा घेऊ शकत नाही.

डोंगरावरच्या बांधकामाविषयी दोन-तीन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. केबलवर पैसा वाचवू नये. साधी आरजी-58 केबल 30 मीटर वापरली, तर 435 मेगाहर्ट्झला 10 वॅटपैकी जेमतेम एक वॅट अँटेनापर्यंत पोहोचतो. एलएमआर-400 सारख्या केबलमध्ये तेवढ्याच लांबीला घट तीन डेसिबलच्या आत राहते. एका दुकानातून आम्हाला जाड केबलच्या नावाखाली आत विरळ जाळी असलेला माल मिळाला होता. टोक सोलून जाळी डोळ्यांनी पाहावी, आणि मगच मनोऱ्यावर चढवावी.

विजेसाठी सौर पॅनेल आणि ट्यूब्युलर बॅटऱ्या आहेत. मधल्या ठिकाणी तीन रिसीव्हर आणि कंट्रोलर नुसते ऐकत बसले तरी सव्वा अँपिअरच्या आसपास घेतात, दिवसाचे तीस अँपिअर-तास होतात, आणि बोलण्याचा वापर धरून पंचेचाळीस. श्रावणात सूर्य तीन दिवस दिसला नाही तरी यंत्रणा चालावी, आणि बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी होऊ नये, या हिशेबाने 150 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या लागल्या. काही चार्ज कंट्रोलर रेडिओवर मोठा गोंगाट करतात. विकत घेण्याआधी त्याच्या शेजारी हँडी धरून ऐकावे.

अर्थिंगने मात्र आमची कसोटी पाहिली. मराठवाड्यात एप्रिलपासून जूनपर्यंतच्या वळवाच्या काळात विजा किती जीव घेतात हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, आणि उघड्या कड्यावरचा मनोरा म्हणजे विजेला आमंत्रणच. काळ्या मातीत चांगले अर्थिंग मिळते, पण डोंगरमाथ्यावर हातभर मुरूम आणि त्याखाली अखंड काळा पाषाण असतो. तिथे एक खोल खड्डा खणण्याचा हट्ट सोडून आम्ही मनोऱ्यापासून तीन दिशांना लांब उथळ चर काढले, त्यांत तांब्याची पट्टी टाकली आणि उतारावरची माती आणून भरली. मनोरा, केबलचे अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारे भाग), बॅटरीचे ऋण टोक आणि संचांचे सांगाडे हे सर्व एकाच बिंदूला जोडले. जागा ज्या कुटुंबाची आहे, त्यांतल्या आजींनी चरांवर उन्हाळाभर पाणी घालण्याचे काम स्वतःहून अंगावर घेतले. त्यांचे म्हणणे असे, की वीज त्यांच्या गोठ्यावर पडण्यापेक्षा जमिनीत गेलेली बरी. हे मला पटले.

एका मनोऱ्यावर, वरच्या यागीच्या अगदी बुडाशी, आग्यामोहोळ बसले. धूर करून पोळे पाडायला तयार असलेली माणसे गावात होती. आम्ही थांबलो. आग्या माश्या हंगाम संपला की पोळे सोडून जातात, आणि मनोऱ्यावर अडकलेल्या माणसाला त्यांच्यापासून पळ काढता येत नाही. काम लांबले, पण कुणाला डंख झाला नाही.

सर्व दुवे जोडले गेल्यावर गटात मतभेद झाला. काहींना पाचही रिपीटर चोवीस तास जोडलेले हवे होते, आणि त्याला रेडिओ इंटरनेटवरून जोडणाऱ्या इकोलिंकची जोड देऊन पुण्या-मुंबईपर्यंत जायचे होते. त्यांचा उत्साह खोटा नव्हता. 1997 मध्ये कॅनडातून सुरू झालेली तशीच आयआरएलपी ही यंत्रणा आणि 2002 पासूनची इकोलिंक यांनी जगभरच्या चालकांना जवळ आणले आहे. तरीही माझा विरोध होता आणि तो आजही आहे. लातुरात घर कोसळले असताना लातूरच्या रिपीटरवर संभाजीनगरच्या गप्पा ऐकू आल्या, तर ती सोय उपयोगाची नाही. आणि इंटरनेट ज्या फायबरवर अवलंबून आहे, ते तुटल्यावरच तर आपली गरज भासणार आहे. शेवटी असे ठरले, की प्रत्येक रिपीटर मुळात स्वतंत्र राहील. नियंत्रण सांभाळणारा चालक डीटीएमएफची, म्हणजे फोनसारखे सूर देणाऱ्या आकड्यांची, कळ दाबून दुवा जोडील किंवा तोडील, आणि कोणताही दुवा निकामी झाला तरी दोन्ही बाजूंचे रिपीटर आपापल्या परिसरात विनाखंड चालतील. रोज संध्याकाळच्या नेटसाठी, म्हणजे रेडिओवरच्या ठरलेल्या हजेरीसाठी, सर्व दुवे जोडले जातात, नेट संपले की तोडले जातात.

आषाढी वारीसाठी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परळीहून अंबाजोगाईकडे येते, तेव्हा आम्ही घाटात आणि मुक्कामाच्या ठिकाणी हँडी घेऊन उभे राहून सराव केला. घाटातल्या वळणांवर अंबाजोगाईचा रिपीटर स्वच्छ ऐकू येत होता. ज्या एका खोलगट वळणावर येत नव्हता, तिथे एक चालक गाडीवरचा संच आणि उंच अँटेना घेऊन मध्यस्थ म्हणून थांबला. दुवा मांजरसुंब्यापर्यंत जोडलेला होता, म्हणून बीडमध्ये बसलेला नियंत्रक घाटातल्या माणसाशी थेट बोलू शकत होता. दिवसभरातले बहुतेक संदेश साधे होते: पाण्याचा टँकर कुठवर आला, कुणाला चक्कर आली, रुग्णवाहिका कोणत्या बाजूने सोडावी. नियमाप्रमाणे प्रत्येक संदेश उघड भाषेत आणि कॉल साइनसह गेला, आणि तो कागदावर वेळेसह लिहिला गेला. लिहिण्याची ही सवय मला यंत्रणेइतकीच मोलाची वाटते, कारण चार टप्पे ओलांडून आलेला आकडा ऐकणाऱ्याने उलट वाचून दाखवला नाही, तर चाळीसचे चौदा व्हायला वेळ लागत नाही.

सध्या पुढच्या दोन दिशांचे काम हातात आहे. एक लातूरहून दक्षिणेला किल्लारीकडे. अंतर चाळीस किलोमीटरच्या आत आहे आणि पठारावरून पठारावर जायचे असल्याने अडचण फारशी दिसत नाही. दुसरी गोदावरीच्या प्रवाहाबरोबर गंगाखेड आणि नांदेडकडे. जायकवाडीतून पाणी सुटले की नदीकाठच्या गावांना वरून खाली खबर देत जाणारी साखळी असावी, हा तिचा हेतू आहे. इथे मात्र खोरे आडवे ओलांडायचे नसून त्याच्या तळातूनच चालायचे आहे, आणि उंची कुठेच आयती मिळत नाही. दोन्हीकडे 30 मीटरचे मनोरे धरले तरी एकमेकांना दिसण्याचे अंतर 45 किलोमीटरपुढे जात नाही. त्यामुळे परळीच्या डोंगरावरून गंगाखेडकडे उतरायचे आणि पुढे नदीकाठाने कमी अंतराचे जास्त टप्पे घ्यायचे, असा आराखडा आम्ही केला आहे. प्रत्येक टप्प्याची जमीन-उंचीची आकृती तयार आहे. पावसाळा संपून रानातली वाट वाळली, की बांबू, यागी आणि होकायंत्र घेऊन परळीच्या बाजूने मोजणी सुरू होईल. परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतल्या परवानाधारकांनी त्या वेळी आपापल्या भागातली उंच, मोकळी आणि रस्त्याने पोहोचता येईल अशी ठिकाणे सुचवली, तर काम निम्म्याने हलके होईल.